खाण तशी माती, असं सासूबाई म्हणतात

ताई, नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, विड्या वळते. नवरा अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात लूमवर आहे. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून हात उचलतो. दारू पितो, पण रोज नाही, आणि न पिताही मारतो. मागच्या महिन्यात कारखान्यात त्याच्या पगारातून पैसे कापले. त्या रात्री माझं विड्यांचं सूप लाथेने उडवलं, पानं मोरीत गेली. दार लावलं, टीव्हीचा आवाज मोठा केला आणि मारलं. गळ्याला हात लावला होता, पण लगेच सोडला. सकाळी म्हणाला, डोकं फिरलं होतं.

मला आता याची सवय झालीय, पत्र त्यासाठी नाही. माझा मुलगा चौथीत आहे. त्याने परवा गल्लीतल्या लहान पोराला लोखंडी पट्टीने मारलं, कपाळाला टाके पडले. का मारलंस म्हटलं तर म्हणाला, ‘ऐकत नव्हता तो.’ सासूबाई म्हणतात, खाण तशी माती, आमच्यातले गडी गरम रक्ताचेच, सासरे पण असेच होते. माझा भाऊ म्हणतो, दाजी मेंटल आहेत, सिव्हिलला दाखव आणि सर्टिफिकेट घे. शेजारचे सर म्हणतात, रील्स बघून सगळी संस्कृतीच बिघडली. हे नेमकं येतं कुठून? रक्तातच असेल तर माझ्या पोराचं काय होणार? राहतं घर विडी कामगार योजनेतलं, माझ्या नावावर आहे. माझं नाव छापू नका. हे पत्र भाचीने टाइप केलंय.

एक आई

---

ताई,

तुमच्या प्रश्नाकडे येते, पण आधी तुम्ही घाईघाईत लिहून टाकलेलं एक वाक्य: ‘गळ्याला हात लावला होता, पण लगेच सोडला.’ अख्ख्या पत्रात मला सगळ्यात जास्त भीती याच वाक्याची वाटली. कानाखाली मारणं आणि गळा दाबणं यांत फार मोठा फरक आहे. ज्या घरात एकदा गळ्यापर्यंत हात गेला, त्या घरात पुढे बाईचा जीव जाण्याचा धोका कितीतरी पटीने वाढतो. अशी प्रकरणं हाताळणाऱ्या पोलिसांना, डॉक्टरांना, वकिलांना हे चांगलं ठाऊक असतं. मार खाणाऱ्या बाईलाच बहुतेकदा कुणी सांगितलेलं नसतं. बाहेरून वळ दिसत नाही म्हणून काही झालं नाही असं समजू नका. त्या रात्रीनंतर आवाज बसला असेल, गिळताना दुखत असेल, चक्कर येत असेल, डोळ्यात लाल ठिपके दिसले असतील, तर आजही दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सरळ सांगा, ‘गळा दाबला होता.’ ‘पडले’ म्हणू नका. ते केसपेपरवर लिहून घ्या आणि तो कागद घरात ठेवू नका.

आधार कार्ड, घराचे कागद, विडी कामगाराचं ओळखपत्र, बँकेचं पासबुक यांच्या झेरॉक्स भाचीकडे किंवा भावाकडे राहू द्या. पुन्हा गळ्याकडे हात गेला तर वाद घालत बसायचं नाही. मुलाला घेऊन बाहेर पडायचं आणि 112 लावायचा. कोणत्या शेजारणीचं दार रात्री उघडेल, हे आजच विचारून ठेवा. हे उत्तर मी तुमच्या किंवा भाचीच्या फोनवर पाठवत नाही, इथेच छापते. तुमची ओळख पटेल असे दोन-तीन तपशीलही बदलले आहेत.

आता तुमचा प्रश्न. सासूबाई, भाऊ आणि सर, तिघांनी तीन कारणं सांगितली. मी या शहरात मनोविकार विभागात समाजसेविका म्हणून काम केलं आहे, आणि माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येक घराने या तीनपैकीच एक कारण सांगितलं. ही कारणं खोटी नसतात. पण कोणतं कारण कोणाच्या सोयीचं आहे, हेही बघावं लागतं.

त्या रात्रीकडे पुन्हा एकदा बघा. पगारातून पैसे कापले ते कारखान्यात. कापणारा माणूस समोर होता. तिथे तुमच्या नवऱ्याने हात उचलला नाही, नाहीतर दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं. रस्त्यात कुणाची गचांडी धरली नाही. घरापर्यंत तो राग जपून आणला. वड्याचं तेल वांग्यावर, असं आपण सहज म्हणून जातो, पण ताई, ते तेल दरवेळी याच वांग्यावर का पडतं? मग दार लावलं. मग टीव्हीचा आवाज वाढवला. डोकं फिरलेल्या माणसाला रिमोट सापडत नसतो. लाथ बसली ती तुमच्या सुपाला, तुमच्या मजुरीला. टीव्ही फुटला का? त्याचा मोबाइल फुटला का? मुलाचंही तेच झालं. त्याने पट्टी उगारली ती आपल्यापेक्षा लहान पोरावर, सातवीतल्या दांडगटावर नाही.

राग येणं आणि हात उठणं यांच्या मध्ये एक जागा असते. कोणाला मारलं तर चालतं, कोणाला मारलं तर अंगाशी येतं, याचा हिशोब माणूस त्या जागेत करतो. तो इतक्या झटकन होतो की त्याला स्वतःलाही कळत नाही. तुमच्या घरातल्या हिंसेचं मूळ मला या हिशोबात दिसतं. रक्त आणि रोग त्याला हातभार लावत असतील, पण हिशोब ते मांडत नाहीत.

तरी रक्ताचं आधी बोलू, कारण तुमची झोप त्यानेच उडवली आहे.

हिंसा माणसाच्या अंगात मुळीच नाही, असं मी म्हणणार नाही. चिंपांझी आपला जवळचा नातेवाईक. टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात 1974 ते 1978 या काळात चिंपांझींच्या एका टोळीने शेजारच्या टोळीतले नर एकेक करून मारले, आणि ते जेन गुडाल यांच्या पथकाने टिपून ठेवलं. पण बोनोबो हा दुसरा वानर आपल्याला तितकाच जवळचा, आणि त्याच्यात असं टोळीने जाऊन जीव घेणं दिसत नाही. म्हणजे नात्यावरून निकाल लावायचा तर दोन्हीकडे साक्षीदार उभे. मला त्याहून कामाचं वाटतं ते कॅनडातल्या रिचर्ड त्राँब्ले यांचं संशोधन. मुलांना वर्षानुवर्षं बघत राहिल्यावर त्यांना दिसलं, की माणूस आयुष्यात सगळ्यात जास्त मारामारी करतो ती दोन ते चार वर्षांच्या वयात. चावणं, ओरबाडणं, ढकलणं, खेळणं फेकून मारणं. तुमचं पोरही करत असेल, माझंही करायचं. हे त्या वयात कुणी शिकवावं लागत नाही. शिकवावं लागतं ते न मारणं, आणि बहुतेक मुलं शाळेत जाईपर्यंत ते बऱ्यापैकी शिकतात. तेव्हा तुमच्या मुलाच्या अंगात राग कुठून आला, हा प्रश्न सोडून द्या, तो सगळ्यांच्याच अंगात येतो. रागावल्यावर काय करायचं, हे तो कोणाकडे बघून शिकतोय, हे विचारा.

आणि ते ‘घराण्याचं गरम रक्त’? त्यावरही अभ्यास झाले आहेत. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांवर संशोधक लहानपणापासून लक्ष ठेवून आहेत. 2002 साली त्यांनी त्यातल्या मुलग्यांबद्दल एक निष्कर्ष छापला. मेंदूतल्या रसायनांशी संबंधित एका जीनचा विशिष्ट प्रकार काहींच्यात होता. त्यांच्यापैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला, ते मोठेपणी हिंसक होण्याची शक्यता जास्त निघाली. तोच जीन असून ज्यांना घरात नीट वागवलं गेलं, त्यांच्यात ती वाढ दिसली नाही. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत हे तितकं ठळक आलं नाही, तेव्हा यावर फार इमले बांधू नयेत. पण ‘बाप असा म्हणून पोरगा असाच’ हे या अभ्यासातूनही निघत नाही. तुम्ही सोलापूरच्या, तेव्हा असं समजा: लूम तेच, सूत तेच, वरचं डिझाइनचं कार्ड बदललं की चादरीवर मोराच्या जागी फूल येतं.

ताई, ‘रक्तातच आहे’ या वाक्याने या शहरात काय केलंय, ते बघायला लांब जायला नको. सेटलमेंट भाग तुम्हाला माहीत असेल. इंग्रजांनी 1871 साली क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला, पुढे तो आपल्या मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, टकारी अशा कितीतरी जमातींवर त्याखाली जन्मजात गुन्हेगार असा शिक्का बसला. माणसाने काही केलं की नाही, हा प्रश्नच नव्हता. जन्म कोणत्या घरात झाला, एवढं पुरे. सोलापूरची सेटलमेंट ही इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी एक. तारेच्या कुंपणात माणसं ठेवायची, हजेरी घ्यायची, गिरणीत कामाला न्यायचं, परवानगीशिवाय बाहेर पाऊल टाकू द्यायचं नाही. तान्हं मूलही त्या हिशोबात गुन्हेगाराच्या रक्ताचं. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. कुंपण गेलं. मग ते जन्मजात रक्त कुठे गेलं? त्याच घरांतली नातवंडं आज शिक्षक आहेत, वकील आहेत, सरकारी नोकरीत आहेत, नाहीतर तुमच्या-माझ्यासारखी महिन्याची तोंडमिळवणी करतायत. रक्त तेच आहे. अंगावरचा शिक्का मात्र पुरता निघाला नाही, चोरी कुठेही झाली तरी पहिला संशय अजून पारध्याच्या पालावर जातो. तुमच्या सासूबाई नातवाबद्दल जे म्हणतात, तो याच कायद्याचा घरगुती अवतार आहे. नऊ वर्षांच्या पोराच्या कानावर ‘तू गरम रक्ताचा’ हे रोज पडलं, तर त्याला आणखी काही शिकवायची गरज उरत नाही. त्याच्यासमोर हे वाक्य घरात कुणीही बोलायचं नाही, एवढं तुम्ही आजपासून करू शकता.

भावाचं म्हणणं मायेपोटी आहे, पण त्यात दोन घोटाळे आहेत.

पहिला घोटाळा आजारी माणसांवर अन्याय करणारा आहे. 2015-16 साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आपल्याकडच्या दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला. मानसिक आजार म्हणजे मारहाण असती, तर आपल्या गल्लीत चालणं मुश्कील झालं असतं. अमेरिकेत 1980च्या दशकातल्या एका मोठ्या पाहणीतून हिशोब काढला तेव्हा समाजातल्या एकूण हिंसेतला गंभीर मानसिक आजाराचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास निघाला. तिथल्याच 1998च्या दुसऱ्या अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या माणसांची तुलना त्यांच्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांशी केली. ज्यांना दारू-नशेची सवय नव्हती, ते रुग्ण शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक निघाले नाहीत. उलट आजारी माणूसच जास्त मार खातो. घरात खातो, रस्त्यात खातो, साखळीला बांधला जातो. मी ज्या माणसांबरोबर काम केलं, त्यातली बहुतेक घाबरलेली होती. त्यांच्या नावावर धडधाकट माणसाची मारहाण खपवली की मला राग येतो, तो लपवत नाही.

दुसरा घोटाळा सर्टिफिकेटचा. त्याचं तुम्ही करणार काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 मध्ये मनोविकारामुळे मिळणारी सूट आहे, पण ती कोणाला? कृत्य करताना आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, बेकायदा आहे, हे ज्याला कळतच नव्हतं त्याला. दार लावणाऱ्याला ते कळत होतं. म्हणजे ते सर्टिफिकेट तुमच्या उपयोगाचं नाही, झाला तर उपयोग नवऱ्यालाच, उद्या समाजात सांगायला: ‘आजारी आहे बिचारा, सांभाळून घे.’

याचा अर्थ डॉक्टरकडे जाऊच नये असा नाही. आधी शांत असलेला माणूस अचानक पार बदलला, डोक्याला मार लागल्यानंतर बदलला, कानात आवाज येतात म्हणतो, रात्र-रात्र झोपत नाही, ‘तू जेवणात काही घालतेस’, ‘तुझं बाहेर कुणाशी आहे’ असा संशय कशानेही हटत नाही, यातलं काही असेल तर सिव्हिलच्या मनोविकार विभागात दाखवाच, संशयाचं तर लवकर दाखवा. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. दारूचं मात्र आहे. दारूने ब्रेक सैल होतो, हे खरं, आणि ती सुटली तर तुमचा धोका कमी होईल, हेही खरं. पण दोस्तांबरोबर पिताना तो दोस्तांना मारतो का? तेव्हा दारू सोडवणं आणि हात आवरणं ही दोन वेगळी कामं धरा. एक झालं म्हणजे दुसरं झालं, असं मानून बायका पुन्हा फसतात. 14416 हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलता येतं, तो दारूबद्दल विचारायलाही चालतो. आणि ‘सवय झालीय’ असं लिहिणाऱ्या बाईलाही चालतो.

आता शेजारचे सर. ते अर्धे बरोबर आहेत, पण बोट भलतीकडे दाखवतायत.

1961 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमध्ये अल्बर्ट बँडुरा यांनी एक प्रयोग केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर एक मोठा माणूस हवा भरलेल्या बाहुल्याला लाथा घालतो, हातोडीने मारतो आणि मारताना काही ठरावीक शब्द बोलतो. मग मुलांना खोलीत त्या बाहुल्याजवळ सोडलं. मुलांनी नुसतं मारलं नाही, त्या माणसासारखंच मारलं, आणि तोंडाने तेच शब्द म्हटले. आता तुमच्या मुलाचं उत्तर आठवा. ‘ऐकत नव्हता तो.’ नऊ वर्षांची पोरं अशी बोलत नाहीत. ती म्हणतात, माझी पेन्सिल घेतली, मला चिडवलं, आधी त्यानेच ढकललं. ‘ऐकत नव्हता’ हे हुकूम चालवणाऱ्याचं वाक्य आहे. ते त्याने रीलवर ऐकलं की घरात, हे मी सांगायला नको. रील्स कमी करा, चांगलंच आहे. पण टीव्हीचा आवाज मोठा झाला की त्याच्या पलीकडे काय चाललंय, हे पोराला कळतं.

सर म्हणतात संस्कृती बिघडली, म्हणजे आधी ठीक होती. सरांना विचारा, त्यांच्या लहानपणी मास्तर हाणायचे तेव्हा घरचे काय म्हणायचे? ‘अजून दोन द्या’, असंच ना? शिक्षण हक्क कायद्याच्या 17व्या कलमाने 2009 साली शाळेत मुलांना मारायला बंदी घातली. छडी सगळीकडून गेली असं नाही, पण आज शिक्षकाने मुलाला वळ उठेपर्यंत मारलं तर पालक शाळेत जाऊन जाब विचारतात. एका पिढीत एवढं बदललं, आणि त्यासाठी कुणाचं रक्त बदलावं लागलं नाही. स्वीडनने तर आईबापांनीही मुलांना मारायचं नाही, असं 1979 सालीच ठरवलं.

बायकोच्या बाबतीत ही परवानगी अजून उठलेली नाही. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या साधारण 25 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. त्याच पाहणीत देशभर विचारलं होतं, की काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे का. एका तरी कारणासाठी योग्य आहे, असं म्हणणारे पुरुष 44 टक्के निघाले आणि बायका 45 टक्के. त्या कारणांत सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं हेही होतं. तुमच्या नवऱ्याच्या मनातला तो हिशोब याच आकड्यांतून तयार होतो. शेजाऱ्यांनी टीव्हीचा आवाज ऐकला आणि आपल्या टीव्हीचा आवाज वाढवला, तर तोही त्यातच धरा. आणि ‘आमच्यात चालतं असं’ हे कारण म्हणून खरं असलं तरी माफी म्हणून चालणार नाही. त्याच गल्लीत, त्याच लूमवर, तेवढाच पगार कापला गेलेला दुसरा एखादा गडी घरी जाऊन भाकरी खाऊन झोपलाच असेल.

सासूबाईंवर मी जरा कडक बोलले. पण त्यांच्याशी एकदा निवांत बोला, मुलगा कामावर असताना. त्यांनी स्वतःही मार खाल्लाय, तुम्हीच लिहिलंय की सासरे असेच होते. आयुष्यभर मार सोसलेल्या बाईला ‘रक्तच तसं’ हे वाक्य आधार देतं. रक्ताचा दोष म्हटला की कुणाचाच दोष राहत नाही, मारणाऱ्याचाही नाही, बघत बसलेल्यांचाही नाही. हे वाक्य त्यांच्याकडून हिसकावू नका. एवढंच विचारा, ‘तुम्हाला मारायचे तेव्हा मध्ये कुणी यावं असं वाटायचं का?’ जमलं तर पुढच्या वेळी दाराच्या आतून तेच एक माणूस तुमच्या बाजूला येईल. नाही जमलं तर सोडून द्या, सगळं त्यांच्यावर टाकू नका.

नवऱ्याशी बोलायचं तर एकटीने नाही, रात्री नाही, प्यायलेला असताना तर नाहीच. भाऊ, आणि नवरा ज्याचं ऐकतो असा एखादा ज्येष्ठ, दोघं असू द्यात. पण नुसती समजूत घालून उठणारी बैठक नको. ‘संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच’ असं कुणी म्हणालं की समजा बैठक वाया गेली. तिथे एकच बोलायचं: पुन्हा हात उठला तर तक्रार होईल. आणि उठला तर ती खरंच करायची. घर तुमच्या नावावर आहे, हे विसरू नका. नसतं तरी 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम 17 प्रमाणे तुम्हाला कायद्याची रीत पाळल्याशिवाय राहत्या घरातून बाहेर काढता आलं नसतं. त्या कायद्याखाली संरक्षण अधिकारी तुमची तक्रार लिहून घेतात, त्यांच्यापर्यंत पोचायला 181 हा महिलांचा नंबर आहे. बाईला कायद्याची मदत मोफत मिळते, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. नवऱ्याला तुरुंगात घालायचंय की नाही, हे आज ठरवायची गरज नाही. तुमची बाजू कागदावर येऊ दे, पुढचं पुढे. आणि ही बैठक घेतली तर राग आणखी चढेल, असं तुम्हाला आतून वाटत असेल, तर बैठक नकोच, आधी 181. गळ्यावर हात गेलेल्या घरात बाईचा अंदाज सहसा चुकत नाही.

राहिला मुलगा. मारहाण बघत वाढलेली बहुतेक मुलं पुढे मारकुटी होत नाहीत. ज्यांच्याजवळ एक तरी मोठं माणूस न मारणारं, शब्द पाळणारं आणि ‘जे चाललंय ते चूक आहे’ असं स्पष्ट सांगणारं होतं, ती त्यातून बरीच सावरतात. ते माणूस तुम्ही आहात. पट्टीबद्दल त्याला मारलं असेल तर यापुढे मारू नका, त्याने तो धडा दुसऱ्यांदा गिरवला एवढंच होतं. ‘बापासारखा होतोयस’ हे तर अजिबात म्हणू नका. त्याला सांगा, ‘पप्पा मारतात ते चूक आहे. तू मारलंस तेही चूक आहे. राग आला की आधी माझ्याकडे यायचं.’ एवढी तीन वाक्यं पुरेत, भाषण नको. वर्गातल्या बाईंना घरचं थोडं सांगून ठेवा, सगळं नको. मुलावरच हात पडायला लागला तर 1098, हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर.

आणि त्या लहान पोराच्या घरी जा. मुलाला बरोबर घेऊन, तुमच्या पदराआड न लपवता. माफी तुम्ही मागायची नाही, त्याने मागायची, आणि ‘सॉरी’ म्हणून पळायचं नाही, ‘मी पट्टीने मारलं’ हे स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. तो ‘ऐकत नव्हता’वर आला तर तिथेच थांबवा आणि पुन्हा म्हणायला लावा. ड्रेसिंगचे पैसे विचारा. त्या पोराची आई चार शब्द बोलेल, तेही त्याला ऐकू द्या. नवरा कामावर असतानाची वेळ बघा, आणि टाके निघायच्या आत जाऊन या.